अमेरिकेतला पिकअप एवढा मोठा का झाला? धंद्यासाठी धडे



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण 'प्रॉडक्ट मोठं आणि महाग करत नेणं' हा विषय घेतला. त्यात अमेरिकन पिकअपचं उदाहरण घाईत उरकलं, म्हणून इथे नीट लिहितोय. वही घेऊन बसा.

आधी चित्र समजून घ्या. १९७० च्या दशकातला फोर्डचा एफ-सिरीज पिकअप म्हणजे साधारण दोन दरवाजे, एकच सीट आणि मागे आठ फुटांपर्यंतचा हौदा. शेतकरी, सुतार, प्लंबर यांची कामाची गाडी. आजच्या एफ-१५० ला बहुतेक वेळा चार दरवाजे, आत पाच माणसं ऐसपैस, आणि हौदा साडेपाच फुटांचा. म्हणजे गाडी वाढली, पण माल ठेवायची जागा कमी झाली! 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ने मोजलंय: २००० पासून बॉनेटची उंची सरासरी ११ टक्के वाढली, आणि २००० ते २०१८ मध्ये नव्या पिकअपचं वजन २४ टक्के.

हे का झालं?

१. कुंपण

१९६० च्या दशकात युरोपने अमेरिकन कोंबडीवर कर वाढवला. अमेरिकेने उत्तर म्हणून १९६४ पासून आयात होणाऱ्या हलक्या ट्रकवर २५ टक्के कर लावला. त्याला आजही 'चिकन टॅक्स' म्हणतात. कोंबडीचं भांडण कधीच मिटलं, ट्रकवरचा कर मात्र राहिला. बाहेरून स्वस्त, छोटा पिकअप आणून विकणं अवघड झालं, आणि डेट्रॉइटच्या कंपन्यांना हे मैदान बरंचसं मोकळं मिळालं.

२. नियम

१९७५ च्या कायद्याने गाड्यांच्या मायलेजला किमान मर्यादा आली. पण ट्रकसाठी वेगळी, सैल मर्यादा होती. पुढे २०११ च्या मॉडेलपासून हे लक्ष्य चार चाकांमधल्या क्षेत्रफळावर ठरायला लागलं. गाडी जितकी लांब-रुंद, तितकं लक्ष्य सोपं. मग छोटी गाडी बनवायची कशाला? त्यात धंद्यासाठी घेतलेल्या, मालासकट कमाल वजन ६,००० पौंडांच्या (सुमारे २,७२० किलो) वर असलेल्या गाड्यांना कर-वजावटीत जास्त सवलत. ग्राहकही मोठ्याकडेच वळला.

३. मार्जिन

हा आपल्या कामाचा मुद्दा. गाडी थोडी मोठी करायला पत्रा आणि रबर थोडंच जास्त लागतं, पण लेदर सीट, मोठी स्क्रीन, क्रोम लावलं की किंमत कितीतरी वर जाते. कामाची गाडी आता घरची गाडीही झाली. पिकअप आणि एसयूव्हीत पैसा एवढा सुटायला लागला, की २०१८ मध्ये फोर्डने उत्तर अमेरिकेत मस्टँग सोडून जवळपास सगळ्या कार बंद करायचं जाहीर केलं.

४. चेहरा

१९९४ चा डॉज रॅम बघा. पुढचा भाग मालवाहू ट्रकसारखा उंच आणि दांडगा. चाचणीत बऱ्याच लोकांना तो आवडला नव्हता, पण ज्यांना आवडला ते प्रेमातच पडले. कंपनीने त्यांच्यावर डाव लावला आणि काही वर्षांत विक्री कित्येक पटींनी वाढली. मग बाकीच्यांनीही जाळी मोठी, चेहरा रागीट केला. जड ओझं ओढणाऱ्या इंजिनाला जास्त हवा लागते हे खरं, पण बराचसा भाग निव्वळ रुबाबाचा.

आता बिल कोण भरतं ते बघा

२०२२ मध्ये अमेरिकेत ७,५०० हून जास्त पादचारी रस्त्यावर मेले. त्यामागे वेग, अंधार, रस्त्यांची रचना अशी बरीच कारणं आहेत. पण विमा कंपन्यांच्या रस्ता-सुरक्षा संस्थेच्या २०२३ च्या अभ्यासात दिसलं, की ४० इंचांपेक्षा उंच बॉनेटची गाडी धडकली तर पादचारी मरायची शक्यता बुटक्या, उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त. विकणारा खूश, घेणारा खूश, आणि किंमत मोजतो तिसराच. आपल्या धंद्यातही असा 'तिसरा' असतो. तो काउंटरवर येत नाही, म्हणून हिशेबातही येत नाही.

रिकामी झालेली जागा

सगळे वर सरकले की खाली पोकळी तयार होते. २०२१ मध्ये फोर्डनेच छोटा मॅव्हरिक आणला, सुरुवातीची किंमत २०,००० डॉलरच्या जरा खाली. मागणी एवढी आली की जानेवारी २०२२ मध्ये त्या वर्षाच्या मॉडेलची बुकिंग थांबवावी लागली. छोटा पिकअप हवा असणारा ग्राहक संपला नव्हता. त्याला कोणी विचारतच नव्हतं. आपल्याकडे २००५ मध्ये टाटा एसने, म्हणजे आपल्या 'छोटा हत्ती'ने हेच ओळखलं: गल्लीत वळेल, तीनचाकीवाल्याला झेपेल, एवढाच ट्रक.

होमवर्क

आज रात्री गल्ला मोजून झाला की तीन उत्तरं लिहा:

- मी माल मोठा किंवा महाग करतोय तो ग्राहकाला हवा म्हणून, की मला मार्जिन सुटतं म्हणून? दोन्ही चालेल, पण कारण माहीत पाहिजे.
- त्यामुळे माझा कोणता जुना ग्राहक गुपचूप सुटतोय?
- धंद्यासाठी गाडी घेताना हौद्याकडे बघतोय की चेहऱ्याकडे? हप्ता हौदा फेडतो, चेहरा नाही.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!