कलेचा मान

लंडन येथील फिलहार्मोनिक सोसायटी ही नामांकित संगीतसंस्था होती. अल्पवयीन वादकांना आपल्या व्यासपीठावर वाजवू द्यावयाचे नाही, असा तिचा दंडक होता. परंतु २७ मे १८४४ रोजी हा दंडक बाजूला ठेवण्यात आला. बारा वर्षांचा एक मुलगा हाती व्हायोलिन घेऊन श्रोत्यांसमोर उभा राहिला. त्याचे नाव योझेफ योआखिम. वाद्यवृंदाचे संचालन थोर संगीतकार मेंडेल्सन करीत होते. त्या दिवशी योझेफने बेथोव्हेनची एक दीर्घ रचना वाजविली. व्हायोलिन व वाद्यवृंद यांच्यासाठी १८०६ साली लिहिलेली ही रचना पुढे क्वचितच कोणी वाजवीत असे. योझेफच्या वादनाने श्रोते भारावून गेले आणि त्या रचनेलाही तिचा मान मिळू लागला.

योझेफचा जन्म १८३१ साली, त्या वेळच्या हंगेरीतील कित्से या गावी, एका ज्यू कुटुंबात झाला. व्हिएन्ना येथे शिक्षण घेऊन तो जर्मनीतील लाइपझिग शहरी आला. वादनाबरोबर त्याला इतर विद्याही मिळाव्यात, अशी व्यवस्था मेंडेल्सन यांनी केली. वादकाने स्वतःचे कौशल्य मिरवू नये, तर रचनेतील भाव प्रकट करावा, हेच योआखिम यांचे आयुष्यभराचे ब्रीद झाले.

१८५३ साली ते हानोव्हरच्या राजाच्या सेवेत रुजू झाले. तेथील वाद्यवृंदात याकोब ग्र्यून नावाचे एक गुणी वादक होते. त्यांना बढती मिळावी, अशी योआखिम यांची इच्छा होती. परंतु ग्र्यून जन्माने ज्यू आहेत, एवढ्याच कारणावरून अधिकाऱ्यांनी ती नाकारली. स्वतः योआखिम यांनी १८५५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. ते गप्प राहिले असते, तर त्यांचे काहीच बिघडले नसते. पण आपण मानाच्या जागी बसावे आणि गुणवान सहकाऱ्याला केवळ जन्मामुळे डावलले जावे, हे त्यांना साहवले नाही. १८६५ साली त्यांनी राजसेवेचा राजीनामा दिला.

पुढे १८६९ साली बर्लिन येथे नवे संगीत विद्यालय निघाले. योआखिम त्याचे पहिले संचालक झाले. शिकविताना ते फार बोलत नसत. व्हायोलिन हाती घेऊन वाजवूनच दाखवीत. हानोव्हरमध्ये त्यांच्याजवळ शिकलेले लिओपोल्ड आउअर पुढे रशियात विख्यात गुरू झाले. जगप्रसिद्ध वादक यशा हायफेट्झ हे आउअर यांचेच शिष्य. संगीतकार ब्राम्स यांनी आपली व्हायोलिनची महान रचना योआखिम यांनाच अर्पण केली. १ जानेवारी १८७९ रोजी लाइपझिग येथे ती प्रथम योआखिम यांनीच वाजविली.

१९०७ साली बर्लिन येथे योआखिम यांचे निधन झाले. त्यांचा गज थांबला. पण शिष्य-प्रशिष्यांच्या हातून त्यांची विद्या पुढे वाहत राहिली. सुरांशी इमान राखणारा हा कलावंत माणसांशीही तितक्याच इमानाने वागला.

स्वाध्याय

१. फिलहार्मोनिक सोसायटीने कोणता दंडक बाजूला ठेवला?
२. योआखिम यांनी राजसेवेचा राजीनामा का दिला?
३. ‘कलेचा मान’ हे नाव या पाठास कसे शोभते, ते पाच-सहा ओळींत लिहा.