स्वाभिमान आणि शिवी

राग सगळ्यांनाच येतो. पण सगळेच शिव्या देत नाहीत. असे का? ते या पाठात पाहू.

दोन भाऊ बांधावर उभे आहेत. धाकटा म्हणतो, "दादा, काल पाण्याची पाळी माझी होती. पाणी तू घेतलंस." हा झाला मुद्दा. याला उत्तर देता येते. पण थोरल्यापाशी उत्तर नाही. तो म्हणतो, "तू मला शिकवणार? अंगठाबहाद्दर कुठला!" पाणी राहिले बाजूला. घाव बसला तो भावाच्या मानावर. मग धाकटाही तसेच बोलला. शब्दाने शब्द वाढला. पाळी कुणाची, ते ठरलेच नाही.

अमेरिकेत इन्फॅन्टे आणि विगली या दोघा अभ्यासकांनी १९८६ साली हा फरक मांडला. मुद्द्यावर वाद घालणे वेगळे, आणि समोरच्याच्या मानावर घाव घालणे वेगळे. वाद नीट घालता येत नाही, हे शिवीगाळीचे एक कारण इन्फॅन्टे यांनी सांगितले. मुद्दा संपला, की माणूस माणसावर घसरतो.

दुसरे कारण मनात असते. बुशमन आणि बाउमाइस्टर या अभ्यासकांनी १९९८ साली दोन प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत मिळून ५४० जण होते. प्रत्येकाने निबंध लिहिला. काहींना फार वाईट शेरा दिला. मग शेरा देणाऱ्याला कर्कश आवाज ऐकवायची संधी दिली. सर्वांत मोठा आवाज कुणी ऐकवला? जे स्वतःला फार थोर समजत होते आणि ज्यांना वाईट शेरा मिळाला, त्यांनी.

म्हणजे अहंकार वेगळा, स्वाभिमान वेगळा. फुगा टाचणीला भितो. पाटा-वरवंटा भीत नाही. मनातून खचलेला माणूसही कधी कडू बोलतो, हे खरे. पण ज्याला आपली किंमत ठाऊक आहे, त्याला दुसऱ्याची किंमत कमी करावी लागत नाही. तो म्हणतो, "माझं चुकलं असेल. दाखव कुठे चुकलं."

बंधूंनो, भगिनींनो, तुम्हांलाही कुणी कधी 'अडाणी' म्हटले असेल. तो शब्द अजून बोचत असेल. पण अक्षर न येणे म्हणजे अक्कल नसणे नव्हे. आता हा पाठ तुम्ही स्वतः वाचता आहात. तो शब्द दुसऱ्या कुणावर टाकू नका. घरात बायकोला "तुला काय कळतंय?" म्हणू नका. मुलाला 'मठ्ठ' म्हणू नका. "हे गणित चुकलं" एवढेच म्हणा. मी अनेक वर्षे शाळेत काढली. गणित चुकले म्हटले, की मूल ते पुन्हा सोडवते. मठ्ठ म्हटले, की पाटी खाली ठेवते.

प्रश्न
१. दोघा भावांचा मुद्दा काय होता? तो का सुटला नाही?
२. अहंकार आणि स्वाभिमान यांत फरक काय?
३. "तुला काय कळतंय?" याऐवजी काय म्हणता येईल? एक वाक्य लिहा आणि घरी वाचून दाखवा.