लहान दुकानदाराची वही आणि क्लाऊड : एका उद्योगाच्या इतिहासाचा धडा



इतिहासाच्या शिक्षकाने स्मरणिकेसाठी लेख लिहावयाचा म्हणजे तो राजवटी, लढाया किंवा चळवळी यांविषयीच असणार, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. परंतु उद्योगधंद्यांनाही इतिहास असतो, आणि आजच्या पिढीचे भवितव्य ज्या उद्योगांच्या हाती आहे त्यांचा इतिहास आपल्या पाठ्यपुस्तकांत अद्याप आलेला नाही. म्हणून यंदा आम्ही हा वेगळा विषय निवडला आहे.

त्यास एक निमित्तही घडले. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात आमचा एक जुना विद्यार्थी भेटला. तालुक्याच्या गावी त्याचे फ्लेक्स व लग्नपत्रिका छापण्याचे छोटे दुकान आहे. बिले, उधारी आणि जीएसटीचा हिशेब तो मोबाइलवर ठेवतो व त्या सोयीसाठी दरमहा भाडे भरतो. तो म्हणाला, "सर, हिशेब माझा, गिऱ्हाईक माझे, पण वही दुसऱ्याची. आपल्या वसतिगृहातल्या पोरांना अशी वही भाड्याने देणारी कंपनी काढता येईल का हो?" आम्ही त्या वेळी केवळ हसलो. प्रस्तुत लेख हे त्याच्या प्रश्नाचे राहून गेलेले उत्तर होय.

क्लाऊड म्हणजे काय?

क्लाऊड म्हणजे ढग. परंतु हा ढग आकाशात नसून जमिनीवरच असतो. मोठमोठ्या इमारतींत हजारो संगणक अहोरात्र चालू ठेवलेले असतात. त्यांना अखंड वीज, थंड हवा आणि इंटरनेटची जोडणी लागते. या इमारतींना डेटा सेंटर असे म्हणतात. दुकानदाराचा हिशेब अशा ठिकाणच्या संगणकावर साठवलेला असतो. त्याच्या हातातील मोबाइल ही त्या हिशेबाकडे पाहण्याची खिडकी असते.

पूर्वी असे सॉफ्टवेअर एकरकमी पैसे देऊन विकत घ्यावे लागे. त्यासाठी संगणक हवा, तो बसवून देणारा जाणकार हवा, आणि नवी आवृत्ती निघाली की पुन्हा खर्च. कारखानदाराला हे परवडे, किराणा दुकानदाराला परवडत नसे. १९९९ मध्ये अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे सेल्सफोर्स ही कंपनी स्थापन झाली. व्यवसायाचे सॉफ्टवेअर विकण्याऐवजी इंटरनेटवरून भाड्याने देण्याची पद्धत रूढ करण्यात तिचा मोठा वाटा आहे.

ही पद्धत स्वस्त का पडते, हे वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला चटकन उमजेल. आपल्या वसतिगृहात इमारत एक, स्वयंपाकघर एक, पाण्याची टाकी एक. मात्र प्रत्येकाची पेटी वेगळी आणि पेटीचे कुलूपही वेगळे. शंभर मुलांसाठी शंभर स्वयंपाकघरे बांधावी लागत नाहीत, म्हणूनच गरीब घरचे मूलही येथे राहून शिकू शकते. क्लाऊड सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्राम एकच असतो आणि हजारो दुकानदार तोच वापरतात. प्रत्येकाच्या नोंदी मात्र स्वतंत्र कुलपात असतात. प्रोग्राममधील चूक एकदा दुरुस्त केली की ती सर्वांसाठी दुरुस्त होते. परंतु एकाच्या किल्लीने दुसऱ्याची पेटी उघडू लागली, तर त्या वसतिगृहावर कोणाचा विश्वास राहील? म्हणून ग्राहकांच्या नोंदी एकमेकांपासून सुरक्षित ठेवणे हे अशा कंपनीचे पहिले कर्तव्य ठरते.

भाड्याचे गणित

आता एक काल्पनिक उदाहरण सोडवू. एका कंपनीचे मासिक भाडे ५०० रुपये आहे असे समजा. एक ग्राहक मिळविण्यासाठी जाहिरात, प्रात्यक्षिक व फोनवरील मदत मिळून ३,००० रुपये खर्च होतात. दरमहाच्या ५०० रुपयांतून संगणक व कर्मचारी यांचा खर्च वजा जाता २५० रुपये उरतात. म्हणजे ग्राहकावर केलेला खर्च भरून निघण्यास १२ महिने लागतात. तो सहाव्याच महिन्यात सोडून गेला, तर कंपनीला १,५०० रुपयांचा तोटा होतो.

दुसरी गोष्ट. वर्षारंभी १०० ग्राहक होते आणि दरमहा उरलेल्यांपैकी ५ टक्के सोडून गेले, तर वर्षाअखेर त्यांतील सुमारे ५४ उरतात. हेच प्रमाण २ टक्क्यांवर आणले, तर सुमारे ७८ उरतात. लहान दुकाने बंद पडतात, हंगाम बुडतो, मालक बदलतो. त्यामुळे या धंद्यात गळती मोठी असते. ती थोपविण्याचे मार्ग तीनच : सॉफ्टवेअर शिकण्यास सोपे असणे, अडचण आल्यास दुकानदाराच्या भाषेत उत्तर मिळणे आणि भाडे त्याच्या आवाक्यात असणे. हे सारे साधेपर्यंत कंपनीला तोटा सोसत तग धरावा लागतो. तो तग कशाच्या बळावर धरावयाचा, हाच या उद्योगातील खरा प्रश्न आहे.

चेन्नईचे उदाहरण

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच देशात मिळते. १९९६ मध्ये श्रीधर वेम्बू, त्यांचे बंधू व टोनी थॉमस यांनी ॲडव्हेंटनेट नावाची कंपनी सुरू केली. दूरसंचाराची यंत्रे बनविणाऱ्या कंपन्यांना लागणारे सॉफ्टवेअर ती तयार करीत असे व तिचे बरेचसे काम चेन्नईत चाले. २००१ च्या सुमारास अमेरिकेतील इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटला आणि या कंपनीचे अनेक ग्राहक नाहीसे झाले. तिने बाहेरच्या गुंतवणूकदारांचे भांडवल घेतलेले नव्हते, त्यामुळे कंपनी विका अथवा बंद करा असे सांगणाराही कोणी नव्हता. मिळकतीच्या मर्यादेत राहून तिने नवी उत्पादने घडविली. २००५ मध्ये झोहो या नावाने तिचे क्लाऊड सॉफ्टवेअर लहान व्यवसायांसाठी उपलब्ध झाले आणि २००९ मध्ये कंपनीनेही झोहो हेच नाव धारण केले. जुन्या कामाच्या उत्पन्नावर नवे काम पोसले गेले, हे यातील मर्म होय.

दुसरा मार्गही त्याच शहरात दिसतो. झोहोत काम केलेले गिरीश मातृभूतम यांनी २०१० मध्ये फ्रेशडेस्क सुरू केले. ग्राहकांच्या तक्रारींचा पाठपुरावा करण्याचे ते सॉफ्टवेअर होते. त्यांनी गुंतवणूकदारांचे भांडवल घेतले आणि २०२१ मध्ये फ्रेशवर्क्स या नावाने ती कंपनी अमेरिकेच्या नॅस्डॅक शेअर बाजारात नोंदली गेली. या मार्गाने वेग येतो, मात्र मालकीत वाटेकरी येतात. कोणताही एक मार्ग पवित्र आणि दुसरा त्याज्य असे आम्ही मानीत नाही. परंतु ज्याच्या घरी भांडवल नाही आणि ज्याला गुंतवणूकदाराचे दार ठाऊक नाही, त्याने पहिला मार्ग अधिक बारकाईने अभ्यासावा.

वर्गखोली हेच भांडवल

झोहोच्या इतिहासातील आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग एका वर्गाचा आहे. महाविद्यालयातील गुण आणि प्रत्यक्ष कामातील कुवत यांचा फारसा मेळ बसत नाही, असे कंपनीच्या लक्षात आले. म्हणून २००५ च्या सुमारास तिने बारावी किंवा पदविका झालेल्या, पदवी नसलेल्या मुलामुलींना स्वतःच शिकविण्यास प्रारंभ केला. त्यांत साध्या घरांतील मुले होती. त्यांना गणित, प्रोग्रामिंग व इंग्रजी शिकविले गेले. शुल्क नव्हतेच, उलट विद्यावेतन मिळे. शिक्षणानंतर ही मुले कंपनीत कामाला लागली. पुढे २०११ मध्ये तामिळनाडूतील तेनकाशीजवळच्या खेड्यातही कंपनीने कार्यालय काढले. सॉफ्टवेअर घडविण्यासाठी महानगरातच राहावे लागते हा समज त्यामुळे ढिला झाला.

याचा अर्थ असा की, या उद्योगाचा कच्चा माल म्हणजे शिकलेली माणसे. कोळसा व लोखंड खाणीतून येते, हा माल वर्गखोलीतून येतो. आपल्या शाळेजवळ खाण नाही, पण वर्गखोली आहे.

पदवीचा प्रश्न

येथे एक इशारा देणे आम्ही कर्तव्य समजतो. वरील कथा ऐकून काहीजण म्हणतील, "पदवी हवी कशाला?" त्यांनी हेही ध्यानी घ्यावे की, वेम्बू हे स्वतः आयआयटी मद्रासमध्ये शिकले आणि अमेरिकेच्या प्रिन्स्टन विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळविली. पदवी पदरी असलेल्याने पदवीचे अवडंबर नाकारणे सोपे असते. ज्यांच्यासाठी शाळेचे दारच पिढ्यान्‌पिढ्या बंद होते, त्यांच्या हातातील पदवी हा शोभेचा कागद नव्हे. परक्या दारात उभे राहण्याचा तो पुरावा आहे. म्हणून आम्ही सांगतो : पदवी सोडू नका, परंतु शिकण्यासाठी पदवीची वाटही पाहू नका.

न दिसणारा चेहरा

बाबासाहेबांच्या चरित्रातील एक प्रसंग येथे आठवतो. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईस आल्यावर त्यांनी शेअर बाजारातील व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय आरंभिला होता. कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाचा तो सल्ला होता. परंतु सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच ग्राहक पाठ फिरवू लागले आणि तो व्यवसाय बंद पडला. सल्ल्यात उणीव नव्हती. उणीव घेणाऱ्याच्या मनात होती.

क्लाऊड सॉफ्टवेअर घेणारा दुकानदार ते बनविणाऱ्याला पाहत नाही. बेरीज बरोबर येते का आणि बिल वेळेवर निघते का, एवढेच तो पाहतो. ही संधी लहान नाही. तरीही आडनाव विचारण्याची सवय संगणकामुळे आपोआप जाईल, अशी भाबडी समजूत करून घेऊ नये. नोकरीची मुलाखत, बँकेचे कर्ज, भागीदाराची निवड या ठिकाणी चेहरा आजही दिसतो. संधी आणि अडथळा या दोहोंची जाण ठेवूनच पाऊल टाकले पाहिजे.

भाडेकरूची सावधगिरी

सप्टेंबर २०१८ मध्ये एक बोधप्रद घटना घडली. झोहोच्या सेवेचा गैरवापर करून काहीजण फसवणुकीचे ईमेल पाठवीत असल्याच्या तक्रारींवरून, तिच्या संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी सांभाळणाऱ्या संस्थेने ते नावच काही काळ बंद केले. संगणक चालू होते, नोंदी सुरक्षित होत्या; पण असंख्य व्यावसायिकांना आपल्याच हिशेबापर्यंत पोहोचता येईना. जो भाड्याने देतो, तोही कोणाचा तरी भाडेकरू असतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले. म्हणून दुकानदाराने आपल्या नोंदींची एक प्रत दरमहा उतरवून स्वतःजवळ ठेवावी, आणि कंपनी काढणाऱ्याने ग्राहकास ती प्रत सहज नेता येईल अशी सोय करावी. ग्राहकाला अडवून ठेवून त्याचा विश्वास मिळत नाही.

उत्तर

आमच्या त्या विद्यार्थ्याला आम्ही आता सांगू : होय, काढता येईल; पण कंपनी हा शेवटचा धडा आहे, पहिला नव्हे. पहिला धडा असा की, नववी-दहावीच्या मुलांनी आपल्या भोजनालयाचा महिन्याचा जमाखर्च संगणकावर मांडावा. दुसरा धडा, गावातील पाच दुकानांत जाऊन उधारी कशी लिहितात, कोठे चुकते, महिनाअखेरीस काय अडते, हे विचारून लिहून आणावे. तुझ्या दुकानापासूनच ती मुले आरंभ करतील; तू त्यांना खुर्ची दे आणि आपली वही मोकळेपणाने दाखव. तिसरा धडा, त्यांतील एकाच अडचणीवर प्रोग्राम लिहावा आणि तो चुकला की दुरुस्त करावा. ज्याला दुसऱ्याची अडचण नीट ऐकता येते आणि आपली चूक न लाजता सुधारता येते, त्याच्या हातून पुढेमागे कंपनीही उभी राहील. शिक्षक म्हणून पहिल्या तीन धड्यांची जबाबदारी आम्ही स्वीकारतो.

स्वाध्याय

१. वसतिगृहाच्या दृष्टान्ताच्या आधारे क्लाऊड सॉफ्टवेअर स्वस्त का पडते ते लिहा.

२. मासिक भाडे ४०० रुपये, खर्च वजा जाता शिल्लक १६० रुपये आणि ग्राहक मिळविण्याचा खर्च २,४०० रुपये असल्यास तो किती महिन्यांत भरून निघेल?

३. स्वतःच्या मिळकतीवर वाढणे व गुंतवणूकदारांच्या भांडवलावर वाढणे यांतील लाभ-हानी सांगा.

४. आपल्या परिसरातील एका लहान व्यावसायिकाची भेट घेऊन त्याच्या हिशेबातील तीन अडचणी नोंदवा.