घोळीची लागवड व बंदोबस्त

घोळ ठाऊक नाहीं असा शेतकरी विरळा. जमिनीसरपट पसरणारी, तांबूस देंठांची, जाड रसाळ पानांची ही वनस्पति बाजारांत भाजी म्हणून विकली जाते आणि शेतांत तण म्हणून उपटली जाते. दोहोंचें कारण एकच. तिच्या अंगीं पाण्याचा सांठा असल्यामुळें ती कडक उन्हांत टिकते. पण त्यामुळेंच उपटल्यावरहि ती लौकर मरत नाहीं.

याचा अनुभव प्रस्तुत लेखकास पेन्शन घेतल्यावर पहिल्याच पावसाळ्यांत आला. मिरचींतील घोळ खुरपून घेतली व वाळून खत होईल या हिशेबानें सरींतच टाकूं दिली. तिसऱ्या दिवशीं पाऊस झाला. तुकड्यांस मुळें फुटलीं. फुलावर आलेल्या झाडांचीं बोंडें पडल्या जागींच पिकलीं व बीं गळलें. खुरपणीची मजुरी दुसऱ्यांदा भरावी लागली. चूक मजुरांची नव्हे, माझीच होती.

हें बीं काळें व अतिशय बारीक असून एका झाडापासून हजारोंनीं पडतें. अमेरिकेंत मिशिगन येथें १८७९ सालीं निरनिराळ्या तणांचें बीं बाटल्यांत भरून पुरण्यांत आलें. त्यांतील घोळीचें बीं ४० वर्षांनंतरहि उगवलें. एका हंगामाची हयगय मुलांच्या वांट्यास जाते ती अशी.

यास्तव घोळ लावणें झाल्यास विहिरीजवळ स्वतंत्र वाफा करावा. उन्हाळा व पावसाळ्याचा आरंभ हे दिवस योग्य. थंडींत बीं नीट उगवत नाहीं. बीं बारीक वाळूंत मिसळून वरच भुरभुरावें व तळहातानें दाबावें. मातीखालीं गाडूं नये, कारण उगवणीस उजेड लागतो. पाणी झारीनें द्यावें. रोपें विरळून वीतभर अंतर राखावें. पाणी तुंबल्यास देंठ कुजतात.

पांच-सहा आठवड्यांनीं दोन बोटें खुंट ठेवून कापणी करावी. पुन्हा फुटवे येतात. कळी दिसतांच कापणें हा मुख्य नियम होय. बियाण्यासाठीं एकदोन झाडेंच राखावींत व बोंडें उघडण्यापूर्वीं तोडून कापडावर वाळवावींत.

पाण्याची ओढ बसलेल्या झाडांत रात्रीं आम्ल सांठतें, म्हणून पहाटेची भाजी सायंकाळच्या भाजीपेक्षां आंबट लागते. मूतखड्याचा विकार असणारांनीं ही भाजी जपून खावी. जनावरांसहि नुसत्या घोळीचे भारे घालूं नयेत. अधिक प्रमाणांत ती बाधते.

शेतांतील घोळ मात्र फुलापूर्वीं मुळासकट काढून, पाटींत भरून शेताबाहेर न्यावी व कोरड्या खडकावर पूर्ण वाळवावी. पाटी वाहण्याची मजुरी थोडी अधिक पडेल; ती न दिल्यास दुसरी खुरपणी ठरलेलीच.