हान्स घोडा आणि आपला नंदीबैल

नंदीबैल तुम्ही सर्वांनी पाहिलाच असेल. दिवाळी झाल्यावर आमच्या गल्लीत नंदीवाले बाबा गुबूगुबू वाजवत आले. तेव्हा आमची कपिला गाय चरायला गेली ती दोन दिवस परत आली नव्हती. आपल्याकडे जंगल जवळ आहे आणि वाघही आहेत, हे तुम्हाला सांगायला नको. आजीने विचारले, "नंदीराजा, माही कपिला येईन का रे?" नंदीने मान हलवली. आजीने सूपभर तांदूळ दिले. पण कपिला आली नाही.

मला नंदीचा फार राग आला. मी गुरुजींना विचारले, "बैल खोटं बोलते का जी?" गुरुजी हसले नाहीत. त्यांनी हान्सची गोष्ट सांगितली. ती खरी आहे.

जर्मनी देशात बर्लिन शहरात फॉन ओस्टेन नावाचे गणिताचे शिक्षक राहत. हान्स हा त्यांचा घोडा. तीन अधिक दोन किती, असे विचारले की तो पाच वेळा खूर आपटायचा. त्याला अपूर्णांकसुद्धा येत! (मला अजून नीट येत नाहीत.) १९०४ साली तेरा जणांच्या समितीने त्याला तपासले. त्यात सर्कसवालेही होते. पण लबाडी सापडली नाही.

मग ओस्कार फुंग्स्ट यांनी युक्ती केली. ज्याला स्वतःलाच उत्तर माहीत नाही, अशा माणसाने प्रश्न विचारायचा. झाले! हान्स चुकू लागला. विचारणारा दिसला नाही तरीही चुके. विचारणारा माणूस वाकून खुराकडे बघतो आणि बरोबर आकडा आला की त्याचे डोके नकळत जरासे वर जाते. हान्स तेवढे पाहून थांबायचा. मालकालाही हे ठाऊक नव्हते. १९०७ साली फुंग्स्ट यांनी यावर पुस्तक लिहिले.

आम्ही वर्गात हाच खेळ खेळलो. मैत्रिणीने मनात आकडा धरला, मी बाकावर टकटक केले. तिचे डोळे मोठे झाले की थांबायचे. पाचपैकी तीनदा जमले. पाठ करून बसले तर एकदाही नाही.

म्हणजे हान्सला गणित येत नव्हते, पण माणूस वाचता येत होता. इंग्लंडमध्ये ससेक्स विद्यापीठाने २८ घोड्यांना माणसांचे फोटो दाखवले. रागीट चेहरा पाहून त्यांच्या काळजाचे ठोके जास्त लवकर वाढले. हे २०१६ साली छापून आले.

मागच्या महिन्यात नंदी पुन्हा आला. मी मुद्दाम विचारले, "तू घोडा आहेस का?" बाबांनी गुबूगुबू केले, नंदीने मान हलवली! बाबाही हसले. आजीने परत तांदूळ दिले. मी म्हटले, "काहून वो आजी?" ती म्हणाली, "त्याले काय मालूम कपिला कुठं हाय? तो मालकाच्या हाताकडं पाहते. पोट तं त्यालेही हाय."

आमची कपिला तांबडी आहे. डावे शिंग थोडे मोडके आहे. हाक मारली की कान हलवते. कोणाला दिसली तर चौथीच्या वर्गात येऊन सांगा.