रात्रीची गाडी नको

सांगली, जुलै

चि. सोनू हिस,


काल तुझी आई सहज बोलून गेली, की सोनू मुंबईला उतरली की थेट सांगलीला येतेय, पुण्याचा मित्र गाडी घेऊन विमानतळावर येणार आहे. सकाळच्या चहाला लेक दारात, म्हणून ती खुशीत होती. तिच्यापुढं मी काही बोललो नाही, पण रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. शेवटी काकूच म्हणाली, एवढं घोकत पडण्यापेक्षा पोरीला लिहा. फोनवर तू ‘हो काका, बघते’ म्हणतेस आणि विषय बदलतेस, म्हणून लिहितोय. रात्रीची गाडी नको.

तुझं विमान रात्री एकला उतरणार. पासपोर्टवर शिक्का, सामान, यात बाहेर पडायला अडीच. म्हणजे पहाटे चारच्या सुमाराला तुम्ही एक्सप्रेस-वेवर, खोपोलीच्या पुढं, जुलैच्या पावसात आणि धुक्यात. मी सांगली-मुंबई रातराणीवर अर्धं आयुष्य काढलंय, ही वेळ मला कुणी समजावून सांगायला नको. तीन ते पाच शरीर झोपच मागतं. चहा घ्या, काच खाली करा, गाणी लावा, कशानंही भागत नाही. डोळे उघडे असतात आणि माणूस झोपलेला असतो. ८० च्या वेगानं गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. चार सेकंदांची पेंग म्हणजे जवळजवळ ९० मीटर रस्ता कुणीच न बघता गेला. आणि आपल्या रस्त्यांवर पुढं मागचा दिवा नसलेला ट्रक उभा असतो, हे तुला ठाऊक आहे.

तू म्हणशील, मला तर झोप येत नाही. कशी येईल? तुझ्या अंगातलं घड्याळ जर्मनीचं. साडेतीन तासांचा फरक, आपल्याकडं एक वाजतो तेव्हा तुझे साडेनऊच. तू गप्पा मारत बसशील. पण तो मुलगा पुण्याच्या घड्याळावर आहे. सकाळी सातला उठलेला, दिवसभर ऑफिस केलेला, मग संध्याकाळी मुंबईला गाडी हाकत आलेला. सलग १७ तास जागा असलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखा वागतो, हे तपासून सिद्ध झालेलं आहे. आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ आहे. पहाटे चारला त्या पोराला २१ तास झालेले असतील. तो सज्जन आहे, दारूला शिवत नाही, गाडी चांगली चालवतो, सगळं मान्य. झोपेपुढं यातलं काहीच चालत नाही.

गंमत म्हणून तूच मला सांगितलं होतंस ना, की तिकडं बसच्या ड्रायव्हरला साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते, गाडीतलं यंत्रच नोंद ठेवतं. किती कौतुकानं सांगत होतीस! मग ते कौतुक वाशीच्या पुलावर सोडून द्यायचं का?

आणि तू तरी ताजी कुठं आहेस? परीक्षा संपली नाही तोवर खोली रिकामी करायची, भिंतीवरचे डाग पुसायचे, ओव्हन घासायचा, किल्ली द्यायची, नगरपालिकेत जाऊन नाव कमी करायचं, बँकेचं खातं मिटवायचं. परवा तू बॅगेचा फोटो पाठवलास, वजनकाट्यावर २४.६ किलो. काट्याशेजारी तुझा स्वेटर, डिक्शनरी आणि मी दिलेला पितळी डबा बाहेर काढून ठेवलेला. फोटो आला तेव्हा तुमच्याकडं रात्रीचे दोन वाजून गेले होते. डबा तिथंच ठेव, बाळा. डब्यासाठी जागू नकोस.

मी मावशीशी बोललोय. विमानतळावरून पार्ल्याला तिच्या घरी जा, अंतर किती ते तुला माहीत आहे. दिवसभर झोप. रात्री दादरहून महालक्ष्मी एक्सप्रेस. तिकीट काढलंय, खालचा बर्थ मिळालाय. २०१९ च्या जुलैत वांगणीजवळ महालक्ष्मी पुरात अडकली होती हे तू काढशीलच. अडकली होती, बोटी घालून माणसं काढावी लागली. पण सगळी सुखरूप निघाली. फार पाऊस असला तर पार्ल्यातच राहा, चार दिवस राहा. फक्त रात्रीची गाडी नको.

माझ्या पोरांचं लहानपण मी झोपेत घालवलं, सोनू. सकाळी ड्युटीवरून यायचो, आंघोळ करून आडवा व्हायचो. काकू पोरांना दटावायची, हळू बोला, बाबा झोपलेत. पोरं दिवसभर कुजबुजत खेळायची. संध्याकाळी उठायचो तोवर निघायची वेळ. धाकटी पहिल्यांदा सायकल शिकली ती आमच्याच अंगणात, आणि मी आतल्या खोलीत, भिंतीपलीकडं. नोकरीच तशी होती, कुणाला बोल लावू? आता मला वेळच वेळ आहे आणि पोरं बंगळूरला. तू गेलीस तेव्हापासून तुझी आई रोज संध्याकाळी आमच्याकडं येऊन बसते. तुझं नाव काढत नाही, पण जर्मनीत आत्ता किती वाजले असतील ते विचारते.

तेव्हा ही रागाची चिठ्ठी समजू नकोस. लिहिताना आवाज चढला असेल. एवढ्या लांब एकटी राहिलीस, आजारी पडलीस ते आम्हाला नंतर कळलं, तरी सगळं निभावलंस. मला तुझा फार अभिमान आहे. घरी आल्यावर पूर्वेकडच्या प्रवासानं चार-दोन रात्री झोप लागणार नाही, लवकर जाग येणार नाही. येऊ दे उशिरा. बारापर्यंत झोपलीस तरी कुणी उठवणार नाही, मी स्वतः आईला सांगून ठेवतो.

त्या मुलाला म्हणावं, काका रागावलेले नाहीत. मित्रासाठी अर्ध्या रात्री निघायला तयार झाला, हे थोडं नाही. त्याला एखाद्या रविवारी सांगलीला बोलाव, दिवसाउजेडी. काकू त्याला आवडेल ते करून घालेल.

मावशीकडं पोचलीस की फोन कर. कितीही वाजलेले असू देत.

तुझे,
थोरले काका