मुलांची दूरचित्रवाणी आणि घरातील भाषा

उद्दिष्टे
या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला
• दूरचित्रवाणीवरील बालकार्यक्रमांचे तीन टप्पे सांगता येतील;
• माध्यम आणि मुलांची भाषा यांचा संबंध तपासता येईल.

प्रस्तावना
विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी अनेक जण पालक आहेत. ‘कार्टून पाहून मुले हिंदी बोलू लागली’ ही तक्रार तुम्ही ऐकली असेल, कदाचित केलीही असेल. भाषेच्या अभ्यासकाने ती झिडकारू नये, तशी तपासल्यावाचून मान्यही करू नये. प्रस्तुत घटकात आपण ती नागपूरच्या संदर्भात तपासणार आहोत.

तीन टप्पे
पहिला टप्पा दूरदर्शनचा. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ‘किलबिल’ हा मराठी बालकार्यक्रम याच केंद्राचा. पुढे ना. धों. ताम्हनकरांच्या ‘गोट्या’वरही मालिका झाली. १५ ऑगस्ट १९८२ पासून दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि हिंदी घरोघरी ऐकू येऊ लागली. १९९३ मध्ये लोकप्रिय झालेले ‘जंगल बुक’ मूळ जपानी. मुलांनी ते हिंदीतून पाहिले. मात्र वाहिन्या मोजक्या, वेळ ठरलेली आणि घरात संच बहुधा एकच. त्यामुळे मुलांबरोबर घरातील मोठी माणसेही पाहत.

दुसरा टप्पा बालवाहिन्यांचा. १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आले. ठरलेली वेळ संपून कार्यक्रम दिवसभर उपलब्ध झाले. हैदराबादमध्ये तयार झालेला ‘छोटा भीम’ २००८ पासून दिसू लागला. मोठी माणसे हळूहळू मुलांच्या शेजारून उठली.

तिसरा टप्पा मोबाइलचा. पडदा एकट्या मुलाच्या हातात आला आणि पुढे काय पाहायचे हेही बऱ्याचदा यंत्रच सुचवू लागले. शाळा बंद असताना, २०२० मध्ये, सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मराठी मालिका दाखवली गेली, हा या काळातील लक्षणीय अपवाद होय.

नागपूरचा दाखला
१९५६ पर्यंत नागपूर ही तत्कालीन मध्य प्रदेशाची राजधानी होती. हिंदी व मराठी येथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्या. ‘काय करून राहिला?’ या नागपुरी प्रयोगात हिंदीतील ‘कर रहा है’ची छाया दिसते, तो प्रयोग रुजला तो बाजारात, कचेरीत, मोहल्ल्यात. म्हणून नागपूरच्या मुलाच्या तोंडी आलेला प्रत्येक हिंदी शब्द कार्टूनच्या खाती मांडणे शास्त्रीय ठरणार नाही.

पडदा आणि माणूस
मग बदलले काय? अमेरिकेतील संशोधक पॅट्रिशिया कूल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ महिन्यांच्या बाळांशी चिनी भाषक व्यक्ती प्रत्यक्ष बोलल्या, खेळल्या, तेव्हा बाळे त्या भाषेतील ध्वनिभेद ओळखू लागली. तीच भाषा पडद्यावरून ऐकवली, तेव्हा तसे घडले नाही. हा निष्कर्ष तान्ह्या बाळांपुरता आहे. मोठी मुले पडद्यावरून शब्द उचलतात, हे आपण पाहतोच. तरीही भाषा शिकताना प्रतिसाद देणाऱ्या माणसाचे मोल त्यातून कळते.

हिंदी कार्टून पाहिलेल्या नातवाला आजीने ‘मग पुढे काय झालं?’ असे विचारले, की त्याला ती गोष्ट मराठीत नव्याने रचावी लागते. क्रियापदे शोधावी लागतात, प्रसंगांचा क्रम लावावा लागतो. मराठीची खरी हानी हिंदी कार्टूनपेक्षा हा प्रश्न विचारणारे कोणी शेजारी नसण्यात आहे.

सारांश
बालकार्यक्रम सामूहिक पाहण्याकडून एकट्याने पाहण्याकडे गेले. घरातील मराठीच्या दृष्टीने कार्यक्रमाच्या भाषेइतकेच त्यावर होणारे बोलणे महत्त्वाचे आहे.

स्वाध्याय
१. नागपूरच्या उदाहरणावरून ‘कार्टूनमुळे भाषा बदलते’ या विधानाची चिकित्सा करा.
२. क्षेत्रीय कार्य : घरातील किंवा शेजारच्या एका मुलाबरोबर एक भाग पूर्ण पाहा. नंतर त्याला गोष्ट सांगू द्या. मधे चूक दुरुस्त करू नका. त्याने वापरलेली क्रियापदे टिपून ठेवा आणि मराठी कोठे अडखळली, कोठे सहज आली, ते दहा ओळींत लिहा.